माळ्यावरचा बीबीसी मायक्रो सुरू करताय? या चुका टाळा

बीबीसी मायक्रो हे जुनं कॉम्प्युटर मशीन सुरू झालं. आधी 'बू', मग 'बीप', असे दोन्ही आवाज आले, टीव्हीवर अक्षरं उमटली आणि मी घरभर ओरडून सांगितलं, "चालतंय!" दहा मिनिटांनी मागच्या बाजूने पांढरा धूर. शेजारच्या काकू दार वाजवत आल्या, "अरे, काय करपलं रे?" तो उग्र वास पुढे दोन दिवस पडद्यांतून गेला नाही.

एकॉर्न कंपनीचं हे मशीन १९८१ च्या डिसेंबरमधलं. ६५०२ प्रोसेसर आणि मॉडेल बी असेल तर ३२ केबी मेमरी. आपल्याकडे १९८४ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून ते शाळाशाळांत पोचलं. आता कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या भंगारातून अधूनमधून बाहेर येतं, आणि बाहेर आलं की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे प्लग लावतो. मीही तेच केलं. तीच पहिली चूक.

धूर येतो तो सप्लायच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या एका कंडेन्सरमधून. मेन लाइनच्या दोन तारांमध्ये, विजेतली खरखर गाळायला बसवलेला असतो तो. आत कागद, बाहेर पिवळसर पारदर्शक कवच. वर्षानुवर्षांत कवचाला बारीक तडे जातात आणि कागद दमट हवा पितो. मुंबईत ती हवा बारा महिने फुकट. मग २३० व्होल्ट मिळाले की भाजून निघतो. गंमत म्हणजे त्यानंतरही मशीन बहुतेक वेळा चालूच राहतं, म्हणून लोक "जाऊ दे, निघाला धूर" म्हणून सोडून देतात. सोडू नका. डबा उघडा, तडे दिसोत न दिसोत, ते कंडेन्सर बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत मिळतात, पण मागताना 'एक्स-टू, २७५ व्होल्ट एसी' असंच मागा. दुकानदार '४०० व्होल्टचा आहे की, चालेल' म्हणत साधा डीसी कंडेन्सर पुढे करेल. तो घ्यायचा नाही. एक्स-टू मुद्दाम मेन लाइनसाठीच बनवलेला असतो.

डबा उघडण्याआधी प्लग काढून थांबा. २३० व्होल्ट एसीचे आत ३२५ च्या आसपास डीसी होतात आणि मोठ्या कंडेन्सरमध्ये ते काही वेळ तसेच बसून राहतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते उतरवण्याची मर्दुमकी नको. मोठा रेझिस्टर लावून हळू उतरवा आणि मीटरने खात्री करा.

मग पहिल्यांदा करंट द्यायचा तो सिरीज लॅम्पमधून, म्हणजे मेन लाइनच्या एका तारेत मध्ये बल्ब जोडून. कुठल्याही जुन्या रेडिओ मिस्त्रीकडे असतो तसा, शंभर वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तुमचं मशीन वाचलं. या वेळी मशीनचा मुख्य बोर्ड सप्लायपासून काढून ठेवा, पण सप्लाय अगदी मोकळाही चालवू नका. हे सप्लाय लोडशिवाय नीट वागत नाहीत. सप्लायच्या पाच व्होल्टच्या तारांना गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावला की पुरतं. आणि फ्यूज उडाला तर तिथे तांब्याची तार गुंडाळू नका, एवढं सांगायला लागू नये, पण लागतं.

जुन्या चाळीत अर्थिंग नसतं. डिस्क वाचणाऱ्या फ्लॉपी ड्राइव्हच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, तेव्हा दोष ड्राइव्हचा नाही, भिंतीतल्या सॉकेटचा आहे. आधी वायरमन बोलवा.

आता अशी तक्रार: सप्लायवर मोजले तर पाच व्होल्ट बरोबर, तरी मशीन 'बूऽऽ' करून तिथेच अडकतं. म्हणजे प्रोसेसर सुरूच होत नाहीये. लगेच 'चिप गेली' म्हणून चिपा उपटायला घेऊ नका. मीटर सप्लायवर नाही, चिपच्या पायांवर लावा. तिथे ४.७५ च्या खाली दिसलं तर चोर मधल्या वाटेत आहे. सप्लायपासून बोर्डापर्यंत सात तारा जातात, तीन लाल, तीन काळ्या, एक जांभळी, सगळ्या खोचायच्या क्लिपांच्या. खाऱ्या हवेने त्या काळवंडतात, सैल होतात. माझ्याकडे एका लाल तारेची क्लिप बोटाने हलवली की टीव्हीवरचं चित्र थरथरायचं. साफ करून किंचित आवळली, संपलं. काढण्याआधी मोबाइलवर फोटो मात्र काढा. लाल-काळी उलटली तर पुढचं काही वाचायची गरज उरणार नाही.

ड्राइव्हचा दिवा लावल्यापासून पेटलेलाच आणि मोटर थांबतच नाही? ३४ तारांची चपटी केबल उलटी बसली आहे. सहसा त्याने काही मरत नाही, पण आत डिस्क असेल तर तिच्यावरच्या मजकुराची खात्री नाही. म्हणून तपासताना आत डिस्क नको. ड्राइव्ह जोडला की मशीनच बसतं, असं होत असेल तर मशीनच्या खालच्या, ड्राइव्हला वीज देणाऱ्या सॉकेटवर बोजा जास्त झालाय. तिथून पाच आणि बारा, दोन्ही व्होल्टवर सव्वा अँपिअरच मिळतो. जुने जाड दोन ड्राइव्ह असतील तर त्यांना वेगळा सप्लाय द्या.

सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे बुरशीची डिस्क. पावसाळे काढलेल्या फ्लॉपीच्या खिडकीत उजेडाला तिरकं धरून बघा. राखाडी ठिपके दिसले तर ती आत घालू नका. ती घाण हेडला, म्हणजे ड्राइव्हच्या डिस्क वाचणाऱ्या भागाला लागते आणि पुढची चांगली डिस्क ओरखडते. मी अशा चार घालवल्या, मग अक्कल आली. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, अलगद. अत्तर नाही, पेट्रोल नाही.

'डिस्क फॉल्ट १८' कधी येतो, कधी नाही? याचा अर्थ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा मजकुराचा तुकडा, सापडला नाही. हेड साफ असेल तर वेग बघा. पट्ट्यावर चालणाऱ्या ड्राइव्हच्या खालच्या चाकावर रेषांची दोन वर्तुळं असतात, पन्नास हर्ट्झचं आणि साठचं. आपल्या विजेचं पन्नासचं. ट्यूबच्या उजेडात वेग मिनिटाला बरोबर ३०० फेरे असेल तर त्या रेषा थांबलेल्या दिसतात. माझ्या घरात त्या थांबेचनात. तासभर स्क्रू फिरवल्यावर लक्षात आलं, घरातल्या सगळ्या ट्यूब एलईडी झाल्यात, त्या लुकलुकतच नाहीत! जिन्यात मात्र चोकवाली जुनी ट्यूब होती. स्टूल, एक्स्टेन्शन, मशीन, टीव्ही, सगळं बाहेर. डिस्कचा कॅटलॉग, म्हणजे तिच्यावरची यादी, परत परत वाचणारा तीन ओळींचा बेसिक प्रोग्राम चालू ठेवला आणि मोटरच्या बोर्डावरचा बारका स्क्रू केसभर फिरवला. रेषा रेंगाळल्या, मग जागच्या जागी उभ्या राहिल्या. भाजीची पिशवी घेऊन वर येणाऱ्या काकू थबकल्या. "आज धूर नाही ना?"

तुमच्या जिन्यातही चोकची ट्यूब उरली नसेल, तर जुन्या स्पाइक बोर्डावरचा नारिंगी निऑन चालतो, फक्त खोलीत अंधार करावा लागतो. वेग लागला की त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे तो हलणार नाही.