जिताडा कुठल्या पाण्यात वाढला? स्थिर समस्थानिकांवरून ओळखायची पद्धत

जिताडा हा खाडीतला मासा अंडी घालायला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो. पिल्लं भरतीबरोबर तिवरांत शिरतात, काही तर पार गोड्या पाण्यापर्यंत चढतात. ही ये-जा टॅग न लावता शोधायची, तर मांसातलं कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ (कार्बन-नायट्रोजनची जड, पण किरणोत्सारी नसलेली रूपं, म्हणजेच स्थिर समस्थानिकं) मोजायचं. आकडा ठरलेल्या प्रमाणापेक्षा ते दर हजारी किती कमी-जास्त आहे ते सांगतो, म्हणून तो उणेही येतो. समुद्राकडच्या अन्नात कार्बन-१३ जास्त असतो, नदीकडच्यात कमी. एवढं ध्यानात ठेवा की या आकड्यांतून मासा कुठलं अन्न खाऊन वाढला ते कळतं, ठिकाण त्यावरून आपण ताडतो. म्हणून निम्मी मेहनत मासे सोडून इतर नमुन्यांवर जाते.

आधी पायारेषा, म्हणजे प्रत्येक जागेच्या अन्नाचा मूळ आकडा, ज्याच्याशी मासा ताडायचा. रायगडमधल्या धरमतर खाडीत काम असेल तर रेवस-करंजाचं मुख, धरमतर बंदराजवळचा मधला पट्टा आणि वर अंबा नदीवर नागोठणे, अशा तीन जागा तरी घ्या. खाऱ्या पट्ट्यात प्रत्येक जागेची ५-६ कालवं पुरतात. गोड्या पाण्यात कालवं नसतात, तिथे गोगलगाई घ्या. कालवाचा शिंपला मिटणारा स्नायू तेवढा कापून घ्यायचा. पोट घेतलं तर कालचा चिखल मोजला जातो. हे काम ऑक्टोबरात आणि मे महिन्यात, दोनदा करा. पावसाळ्यात नदीचा गाळ येतो, उन्हाळ्यात समुद्र आत घुसतो. एकाच मोसमाची पायारेषा वर्षभर वापरली की पाण्यातला बदल माशाचा प्रवास म्हणून वाचला जातो.

मासा बाजारातून घेऊ नका. तिथला जिताडा तळ्यातला असू शकतो, आणि गोळीखाद्यात मासळीचं पीठ असल्यामुळे तो कधी समुद्र न पाहताही 'समुद्री' निघतो. जाळं ओढतात तिथेच घ्या. जागा, तारीख, लांबी, वजन लिहा. पाठीच्या पराखालचं पांढरं मांस, कातडी आणि काटे काढून, २ ग्रॅम कापा. यकृताचा तुकडा वेगळा. लगेच बर्फात, मग उणे २० अंशांवर. फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोल नको, त्याने कार्बनचा आकडा सरकतो.

नमुना ६० अंशांवर ४८ तास वाळवा, अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात पिठासारखा कुटा. दोन नमुन्यांच्या मध्ये खल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करा. ०.५ ते १ मिलिग्रॅम पूड कथिलाच्या कुपीत घालून कुपी घट्ट दाबून बंद करा. कोपरा फाटला की वजन चुकतं आणि मोजणीच्या यंत्रात (मास स्पेक्ट्रोमीटर) पूड सांडते. दर दहा नमुन्यांमागे एक प्रयोगशाळेत दुबार पाठवा. दोन आकड्यांत ०.३ पेक्षा जास्त फरक आला तर बहुधा पूड नीट कुटलेली नसते.

आता चरबी. चरबीत कार्बन-१३ कमी असतो, त्यामुळे चरबीदार समुद्री मासाही खाडीतला वाटू लागतो. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ३.५ च्या वर असेल तर मांसासाठी ही दुरुस्ती: मोजलेला आकडा − ३.३२ + (०.९९ × गुणोत्तर). यकृत फार तेलकट असतं, त्यावर या सूत्राचा भरवसा नको. त्याची चरबी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने (२:१) काढा, पण नायट्रोजनसाठी न धुतलेला भाग ठेवा.

हिशेब असा. समजा समुद्राकडच्या कालवांचा आकडा −१९, वरच्या टोकाचा −२७, आणि चरबीची दुरुस्ती करून माशाचा −२१.२. जिताडा अन्नसाखळीत कालवांपेक्षा साधारण दोन पायऱ्या वर खातो. दर पायरीला कार्बनचा आकडा सुमारे ०.४ चढतो, तेवढा वजा करून −२२. मग (−२२ + २७) ÷ (−१९ + २७) = ०.६२, म्हणजे सुमारे ६२ टक्के अन्न समुद्राकडचं. पायऱ्या किती ते नायट्रोजनवरून तपासा: मासा आणि कालव यांतला फरक भागिले ३.४ (दर पायरीला नायट्रोजनचा आकडा साधारण इतका चढतो). मात्र सांडपाणी येतं तिथे नायट्रोजन-१५ आधीच चढलेला असतो, म्हणून त्याच जागेचं कालव वापरा.

खरी गंमत मांस आणि यकृत शेजारी ठेवल्यावर येते. यकृतात गेल्या काही आठवड्यांचं अन्न दिसतं, मोठ्या माशाच्या मांसात काही महिन्यांचं. मांस खाडीचं, यकृत समुद्राचं, तर मासा नुकताच बाहेर पडलाय. उलट असेल तर आत आलाय. दोन्ही सारखे, तर तो बरेच दिवस तिथेच आहे. भरभर वाढणाऱ्या पिल्लांत मांसही लवकर बदलतं, तिथे हा फरक पुसट होतो.

तिवरांच्या पानांचा आणि नदीकाठच्या झाडपाल्याचा कार्बन दोन्हीकडे −२८ च्या आसपास असतो, त्यामुळे त्यांत गोंधळ ठरलेला. तिथे गंधक-३४ मोजा: समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचा आकडा +२१ असतो, तिवरांच्या काळ्या चिखलातून आलेल्या अन्नाचा बराच खाली. त्यासाठी पूड काही पट जास्त लागते, तेव्हा मांस कापतानाच जास्त काढून ठेवा.