फ्रीडरिशची चित्रे पाहायला जर्मनीत जाताना

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशची (१७७४–१८४०) महत्त्वाची चित्रे एका शहरात नाहीत. हाम्बुर्ग, बर्लिन, ड्रेस्डेन अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे आखणी करा आणि सोमवार प्रवासासाठी ठेवा, कारण त्या दिवशी तिन्ही ठिकाणची संग्रहालये एरवी बंदच असतात. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

तिकिटे काढण्याआधी हवी ती चित्रे लिहून काढा आणि प्रत्येक चित्र सध्या भिंतीवर आहे का, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तपासा. ती बाहेरच्या प्रदर्शनांना जातात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा. सारख्या विषयांमुळेही घोळ होतो. 'चंद्र पाहणारे दोन पुरुष' हे चित्र ड्रेस्डेनच्या आल्बर्टिनुम संग्रहालयात आहे, 'चंद्र पाहणारे पुरुष आणि स्त्री' बर्लिनला. दोन पुरुषांचीच आणखी एक आवृत्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. र्‍युगेन बेटाच्या खडूच्या कड्यांचे चित्र तर स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला.

हाम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात 'धुक्याच्या समुद्रावरचा भटका' आहे. ते जेमतेम ९५ बाय ७५ सेंटिमीटरचे, भव्य आकाराची अपेक्षा ठेवू नका. तिथल्याच 'बर्फाच्या समुद्रा'त उजवीकडे चिरडलेले जहाज शोधा. लाद्यांच्या ढिगाऱ्यात ते सहज सुटते.

सर्वांत जास्त वेळ बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगालेरी या संग्रहालयाला द्या. 'समुद्राकाठचा साधू' आणि 'ओकवनातला मठ' ही १८१० साली एकत्र मांडलेली जोडी, प्रत्येकी सुमारे ११० बाय १७१ सेंटिमीटर. २०१३ ते २०१६ दरम्यानच्या दुरुस्तीत त्यांच्यावरचे पिवळे पडलेले वार्निश काढले, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या छपाईवरून रंगांची कल्पना बांधू नका. आधी लांबून पाहा, मग जवळ जा. साधूच्या चित्रात चित्रकाराने आधी जहाजे घातली होती आणि नंतर काढून टाकली. ते ठाऊक असले की तो रिकामा समुद्र फार वेगळा दिसतो, आणि आमच्या मते चित्रकाराचे सगळे धाडस तिथेच आहे.

ड्रेस्डेनला 'टेचेन वेदीचित्र' (चर्चच्या वेदीवरच्या चित्राच्या धाटणीचे) पाहताना त्याची सोनेरी चौकटही नीट पाहा, तिची कल्पना फ्रीडरिशचीच. दुसऱ्या दिवशी एस-१ लोकलने राटेनला उतरा, होडीने एल्ब नदी ओलांडा आणि बास्टाइच्या खडकांवर चढा. पायऱ्या बऱ्याच आहेत, पकड असलेले बूट घाला. भटक्याच्या चित्रातली जागा हुबेहूब शोधण्यात मात्र दिवस घालवू नका: वेगवेगळ्या ठिकाणची रेखाटने त्याने स्टुडिओत एकत्र जुळवली होती.