पक्षावर नाराज आहात? मग या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यात अकरा, धुळ्यात पाच, नंदुरबारात चार अशा खान्देशात विधानसभेच्या २० जागा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातल्या १९ महायुतीनं घेतल्या. त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला, तेव्हा मात्र चारपैकी धुळे आणि नंदुरबार या दोन जागा काँग्रेसकडे गेल्या होत्या. म्हणजे इथलं मत हलतं. तरी बाजार समितीच्या आवारात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "काय भो, दोन्हीकडं सारखेच. आपलं कोण ऐकतं?"

ऐकतात, पण राग ऐकू येण्याइतके पक्षाचे कान तिखट नसतात. तो आकडे वाचतो. लढत दोघांतच असली तर आकड्यांशिवाय काहीच वाचत नाही. आपली नाराजी त्याच्या आकड्यात उमटेल अशी व्यक्त करायची, एवढाच खरा प्रश्न आहे. बहुतेकांचं चुकतं ते इथंच.

"यंदा मतदानालाच जात नाही"

धुळ्यात २०२४ ला डॉ. शोभा बच्छाव यांनी डॉ. सुभाष भामरे यांना ३,८३१ मतांनी हरवलं. हिशेब करून पाहा. विजयी बाजूचे मतदार रुसून घरी बसले असते, तर निकाल फिरायला ३,८३२ जण बसावे लागले असते. तेच मतदार उठून समोरच्याला मत देते, तर १,९१६ पुरले असते. घरी बसलेलं मत एकदा वजा होतं. फिरलेलं मत इकडे वजा होतं आणि तिकडे अधिकही होतं. दोन पक्षांच्या लढतीत फिरणाऱ्याला दुप्पट भाव असतो तो यामुळं.

शिवाय घरी बसलेला माणूस कागदावर दिसतही नाही. मतमोजणीनंतर फॉर्म २० नावाचं निकालपत्रक निघतं. प्रत्येक बूथची एक ओळ, प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना, पुढं नोटा (म्हणजे वरीलपैकी कुणीही नको) आणि एकूण. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येतं. तालुक्यातला मुरलेला कार्यकर्ता ते घेऊन बसतो आणि मागच्या वेळच्या पत्रकाशी ताडून पाहतो: या गावानं आपल्याला तेव्हा किती दिली, आता किती. मतं कमी दिसली आणि समोरच्याची वाढली नाहीत, तर तो म्हणतो, "लगीनसराई होती, लोक बाहेरगावी होते." समोरच्याची वाढलेली दिसली, की मग त्याची झोप उडते. आपल्या गावाची ती ओळ तुम्हीही काढून ठेवा, पुढं लागणार आहे.

नोटाबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं तो पर्याय आला, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याखालोखालचा उमेदवार निवडून येतो. महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला: नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक, तीही एकदाच. म्हणजे नोटाला थोडीफार धार आहे ती नगरपालिकेत. आपण मात्र ती लोकसभेला वापरून मोकळे होतो.

तिसरा उमेदवार उभा करायचा, पण कधी विकायचा ते ठरवायचं नाही

विकायचा म्हणजे पैशाला नव्हे, मागणीला. अपक्षाची किंमत सगळ्यात जास्त असते ती अर्ज भरल्यापासून माघारीच्या मुदतीपर्यंत. २०२४ च्या विधानसभेला अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि माघारीची ४ नोव्हेंबर. त्या सहा दिवसांत नेते स्वतः फोन करतात, घरी येऊन बसतात, चहा घेतात. पाच तारखेला तोच अपक्ष त्यांच्या लेखी नुसतं एक चिन्ह उरतो.

अमेरिकेत २००० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी राल्फ नेडर तिसरे उमेदवार म्हणून लढले. निर्णायक ठरलेल्या फ्लोरिडा राज्यात त्यांना ९७ हजारांवर मतं मिळाली आणि रिपब्लिकन पक्षाचे बुश तिथं ५३७ मतांनी जिंकले. नेडर यांच्या बऱ्याच मतदारांना जो नको होता, तोच राष्ट्राध्यक्ष झाला. ब्रिटनमधली गोष्ट उलटी. युकिप या पक्षाला २०१५ मध्ये १२.६ टक्के मतं पडली आणि जागा मिळाली एक. पण त्या पक्षाला युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत हवं होतं, आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी त्याचं आश्वासन २०१३ मध्येच देऊन टाकलं होतं. तिसऱ्याचं काम धाकानं होतं, आणि धाक मतदानाआधीच चालतो.

अपवाद आहेत. नवापूरला २०२४ मध्ये अपक्ष शरद गावित अवघ्या १,१२१ मतांनी पडले. ज्याची स्वतःची अशी मतांची जमीन आहे त्यानं खुशाल शेवटपर्यंत लढावं. बाकीच्यांनी माघारीच्या मुदतीच्या आत बोलून घ्यावं, ते पण बंद खोलीत नको, गावासमोर.

अकरा मागण्यांचं निवेदन

रावेर-यावल पट्ट्यातलं असं निवेदन डोळ्यासमोर आणा. पहिली मागणी केळीच्या पीकविम्याची, दुसरी थेट मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या केळीभावाशी बरोबरीची, तिसरी शेतरस्त्याची, चौथी विजेच्या डीपीची, आणि अकरावी गावच्या प्रवेशद्वाराची. साहेब निवेदन घेतात, सगळे हसून फोटो काढतात, आणि सहा महिन्यांनी प्रवेशद्वार होतं. पुढच्या सभेत तेच मिरवलं जातं, आणि ते खोटंही नसतं!

मागणी एकच ठेवा. तिच्यावर पोच घ्या, तारखेसह. तिचीच दुसरी प्रत त्याच आठवड्यात विरोधी उमेदवारालाही द्या आणि दिल्याचं लपवू नका. एकाच पक्षाच्या दारात वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्या गावाला दोन्ही पक्ष विचारत नाहीत; एक गृहीत धरतो, दुसरा सोडून देतो.

मागणी कुणाच्या अखत्यारीतली आहे तेही बघा. कांद्याची निर्यातबंदी दिल्लीनं डिसेंबर २०२३ मध्ये लावली. त्यासाठी पंचायत समितीत आरडाओरड करून उपयोग नव्हता. लोकसभेच्या मतदानात कांदा पट्ट्यानं राग दाखवला. निकाल काही एकट्या कांद्यानं लागला नाही, पण पुढचा क्रम पाहा: विधानसभेच्या तोंडावर, १३ सप्टेंबर २०२४ ला, बंदी उठल्यावर आलेलं किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवता येत नाही अशी किंमत) काढलं गेलं, निर्यातशुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

आणखी एक गैरसमज म्हणजे "आपल्या आमदारानं सभागृहात पक्षाविरुद्ध मत द्यावं." अमेरिकेत लोकप्रतिनिधी तसं करू शकतो. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकीवर येतं. अमेरिकेतल्या मतदाराला पक्षाचा उमेदवार ठरवण्यातही मत असतं. २०१४ मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकन पक्षाचे सभागृह नेते एरिक कँटर यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी प्राथमिक फेरीत घरी बसवलं. आपल्याकडे तिकीट बंद दाराआड ठरतं. तेव्हा दबाव टाकायचा तो तिकिटाआधी, पक्षाचे निरीक्षक तालुक्यात फिरत असतात तेव्हा. त्यांना भेटायला जाताना ती फॉर्म २० ची ओळ खिशात असू द्या. युतीत जागाच दुसऱ्या पक्षाला सुटली तर सगळं मुसळ केरात, तेव्हा आधी जागा कुणाच्या वाट्याची ते विचारून घ्या. आचारसंहिता लागल्यावर तर नव्या कामाची घोषणाही करता येत नाही, मग गाडी अडवून घोषणा दिल्या तरी हाती काय लागणार?

काम झाल्यावर गप्प बसणं

हे फार होतं. विमा मिळाला, रस्ता झाला, तरी मत पूर्वी ठरलं होतं तिकडेच. मग कार्यकर्ता पुढच्या बैठकीत सरळ सांगतो, "या गावाला दिलं काय, न दिलं काय, सारखंच." मागणी घेऊन गेलेले तेच पाच-सात जण काम झाल्यावर पुन्हा जा, दोन्ही पक्षांच्या लोकांसमोर काम झाल्याचं सांगा, आणि पुढची एक मागणी त्याच भेटीत पुढं ठेवा. पोच घ्यायला विसरू नका.