कृष्णविवरं, बिग बँग वगैरे वाचताना-बघताना झोप येत असेल तर

माझ्या कपाटात स्टीफन हॉकिंगचं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' हे 1988 चं प्रसिद्ध पुस्तक आहे, ज्यात सगळ्या पुस्तकात मिळून एकच समीकरण आहे, तेच. त्यात चाळिसाव्या पानावर एसटीचं एक तिकीट आहे, बुकमार्क म्हणून घातलेलं, ते कित्येक वर्षं तिथून हललं नाही. तुमच्याकडेही असं एखादं तिकीट असणार. समीकरण नाही म्हणजे सोपं असेल असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो, कारण समीकरणं काढली तरी विषय आहे तेवढाच अवघड राहतो.

माझी गाडी परत सुरू झाली ती आईमुळे. टीव्हीवर कृष्णविवरांचा कार्यक्रम लागला होता, ती मेथी निवडत बसलेली, मध्येच मान वर करून म्हणाली, "हा फोटो आहे का चित्र?" मी जोरात म्हटलं फोटो आहे गं. "मग तिथे गेलं कोण फोटो काढायला?" आणि मी गप्प. नंतर शोधलं तर त्या कार्यक्रमात जे फिरताना दिसत होतं ते सगळं कॉम्प्युटरवर बनवलेलं निघालं, खरा फोटो शेवटी दोन सेकंद आला आणि गेला.

तेव्हापासून मी एकच सवय ठेवली आहे. निवेदक काहीही भव्यदिव्य बोलला की पॉज करायचं आणि विचारायचं, "हे कळलं कसं?" पुस्तक असेल तर पेन्सिलीने समासात फक्त "कसं?" लिहायचं. पुढच्या दोनचार पानांत उत्तर सापडलं तर त्यावर काट, नाही सापडलं तर तो "कसं?" तसाच राहू द्यायचा, आणि ज्या पुस्तकात असे पंधरावीस उघडे राहतात ते मी सरळ बाजूला ठेवतो, अजिबात वाईट वाटून घेत नाही.

आता त्या खऱ्या फोटोचंच बघा. एम 87 नावाच्या दीर्घिकेतलं, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहातलं कृष्णविवर, आपल्यापासून साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब, वजन सूर्याच्या 650 कोटी पट. एप्रिल 2017 मध्ये जगभरातल्या आठ रेडिओ दुर्बिणी या मोहिमेत होत्या, दक्षिण ध्रुवावरून एम 87 दिसत नाही म्हणून तिथली सोडून बाकी सातांनी एकाच वेळी तिकडे बघितलं, आणि डेटा एवढा झाला की इंटरनेटवरून पाठवणं शक्यच नव्हतं, हार्ड डिस्कच्या हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या, त्यात दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमान उतरेपर्यंत अडकून पडल्या. फोटो जाहीर झाला 10 एप्रिल 2019 ला. आणि तो केशरी रंग आपण भरलेला, रेडिओ लहरींना डोळ्याला दिसणारा रंग कुठून असणार. मला विचाराल तर हार्ड डिस्कची ही गोष्ट त्या फिरणाऱ्या अ‍ॅनिमेशनपेक्षा शंभर पट भारी आहे, आणि ती "कसं?" विचारल्यावरच हाताला लागते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. यात आपली मराठी माणसाची एक वेगळीच गोची होते, निवेदक बिलियन बिलियन करतो आणि आपल्या डोक्यात नुसतं "खूप" एवढंच शिरतं. बिलियन म्हणजे 100 कोटी, एवढं एकदा पाठ करा. विश्वाचं वय 13.8 बिलियन म्हणजे 1380 कोटी वर्षं, संपला विषय. मग फोनचा कॅल्क्युलेटर काढून बारीकसारीक गुणाकार-भागाकार स्वतः करून बघा, सूर्य 15 कोटी किलोमीटर, प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर, भागलं की 500 सेकंद, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. हे वाचलेलं असतं सगळ्यांनी, पण स्वतः भागून आलेला आकडा डोक्यात टिकतो.

स्वयंपाकघरातली मापं तर फारच कामाला येतात. सूर्य म्हणजे 2 मिलिमीटरची मोहरी धरा, तर त्याच हिशोबाने सगळ्यात जवळचा तारा जवळपास 60 किलोमीटरवर येतो. एक मोहरी पुण्यात आपल्या ओट्यावर आणि शेजारची लोणावळ्याच्या आसपास, मध्ये काही नाही! आता माप बदला. आपली अख्खी आकाशगंगा म्हणजे फूटभर रुंदीचं ताट धरा, तर देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा, हे दुसरं मोठं ताट फक्त 25 फुटांवर. तारे एकमेकांपासून भयानक लांब, दीर्घिका मात्र त्यामानाने पंगतीला बसल्यासारख्या. दीर्घिका एकमेकींवर आदळतात पण तारे सहसा आदळत नाहीत असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते मला या ताट-मोहरीनंतर कळलं, त्याआधी मी नुसती मान हलवायचो.

वर्ष बघायला विसरू नका, हे मी अगदी हट्टाने सांगतो. पुस्तकाची पहिली आवृत्ती कधीची, कार्यक्रम कधीचा. 1998 च्या आधीचं असेल तर त्यात विश्वाचं प्रसरण हळूहळू मंदावतंय असं धरलेलं असणार, कारण ते उलट वाढत्या वेगाने होतंय हे त्या वर्षी कळलं. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, प्रत्यक्ष पकडल्या 14 सप्टेंबर 2015 ला, त्याआधीच्या पुस्तकात त्या "एक दिवस सापडतील" अशा असतात. आणि त्या दोन ताटांची, म्हणजे आपली आकाशगंगा आणि देवयानीची टक्कर, चारपाचशे कोटी वर्षांनी नक्की होणार असं मी किमान दहा ठिकाणी ऐकलं असेल, 2025 च्या एका संशोधनात आलं की पुढच्या 1000 कोटी वर्षांत होण्याची शक्यता साधारण निम्मी. म्हणून जुनं टाकून द्यायचं असं नाही हं. 1980 ची कार्ल सेगनची 'कॉसमॉस' ही तेरा भागांची मालिका मी अजून बघतो, फक्त जुना अल्बम बघतोय हे लक्षात ठेवून.

वर्षाइतकंच, लिहिणारा कोणत्या बाजूचा आहे तेही बघा. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात जयंत नारळीकरांपासून होते, माझीही तशीच झाली, आणि मराठीतून हा विषय इतका स्वच्छ सांगणारं दुसरं कोणी मला तरी सापडलं नाही. पण नारळीकर हे फ्रेड हॉयल या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाचे विद्यार्थी, आणि बिग बँग हे नावच हॉयल यांनी 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर वापरलं होतं, तेही तो सिद्धांत स्वतःला मान्य नसताना. नारळीकरांनीही बिग बँगला शेवटपर्यंत प्रश्न विचारले. बहुतेक शास्त्रज्ञ आज बिग बँगच्या बाजूला आहेत, मुख्यतः 1964 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना अँटेनात सापडलेल्या त्या न जाणाऱ्या खरखरीमुळे, जी आधी त्यांना कबुतरांच्या विष्ठेमुळे येते असं वाटलं होतं, अँटेना घासूनपुसून काढली तरी गेली नाही, ती निघाली विश्वाच्या सुरुवातीच्या काळातली ऊब. दोन्ही बाजू लागोपाठ वाचा, एकदम कोर्टात बसल्यासारखं वाटतं.

समांतर विश्वं, स्ट्रिंग थिअरी, अकरा मिती हे सगळं मी शेवटी ठेवतो, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं. मजा येते, नाही म्हणत नाही, पण त्याला अजून प्रयोगाचा पुरावा नाही आणि कार्यक्रमवाले ते कृष्णविवरांच्याच सुरात सांगतात, ती चीड येते. तिथे "कसं?" विचारा, उत्तर "गणितातून" असंच येतं.

न समजलेलं पान दोनदा वाचायचं, तिसऱ्यांदा नाही, पुढे जायचं. टीव्हीचा एका बैठकीत एकच भाग. घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या, शक्यतो विषय न येणाऱ्याला, कारण खरे प्रश्न तोच विचारतो.

आणि नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा तरी शहराबाहेर जा, अमावस्येच्या आसपास. उत्तरेकडे शर्मिष्ठा या तारकासमूहाचा एम आकार शोधा, तिथून थोडं वर, जवळपास डोक्यावरच, साध्या बायनॉक्युलरने देवयानी दीर्घिका सापडते. दिसतं काय तर एक पुसट डाग. आईला दाखवला तर म्हणाली "एवढंच?" मी म्हटलं हा प्रकाश निघाला त्याला 25 लाख वर्षं झाली. दोन मिनिटं शांतता, मग अपेक्षेप्रमाणे, "मोजलं कुणी?"

या वेळी उत्तर होतं. काही तारे ठरावीक लयीत मंद-तेज होतात, आणि जितकी लय संथ तितका तारा मुळात जास्त तेजस्वी, हे हेन्रिएटा लेविट या बाईंनी शोधलं. म्हणजे लांबून येणाऱ्या स्कूटरचा दिवा किती वॉटचा हे माहीत असेल तर तो किती मिणमिणता दिसतो यावरून अंतर काढायचं, तसं. 1923 मध्ये एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाला या डागात असा एक तारा सापडला, काचेच्या प्लेटवर त्याने आधी "एन" लिहिलं होतं, नवा तारा समजून, ते खोडून शेजारी "व्हीएआर" लिहिलं, म्हणजे व्हेरिएबल, तेज बदलणारा, पुढे उद्गारचिन्ह. त्याचं अंतर मात्र चुकलं होतं, 9 लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आलं होतं. "मग बरोबर कुणी केलं?" आईने विचारलं, आणि मी बायनॉक्युलर तिच्या हातात देऊन थर्मासमधला चहा ओतायला घेतला, कारण ते अजून वाचायचं राहिलंय.