लष्करी वापरातून निघालेल्या जुन्या रायफलीसाठी सुटे भाग कसे शोधावेत

लष्कराने निकाली काढलेल्या रायफली लाखांच्या संख्येने, अनेक कारखान्यांत आणि अनेक दशके बनत होत्या. त्यामुळे एकाच नावाखाली विकले जाणारे भाग एकमेकांना बसतीलच असे नाही. ‘माउझर ९८चा दस्ता’ एवढ्याच वर्णनावर मागवलेला दस्ता युगोस्लाव एम ४८ रायफलीला बसत नाही, कारण तिचा रिसीव्हर, म्हणजे नळी ज्यात बसवलेली असते तो धातूचा मुख्य सांगाडा, प्रमाण ९८पेक्षा थोडा आखूड आहे. रिसीव्हरच्या पुढच्या कड्याचा व्यास काही माउझरमध्ये सुमारे ३३ मिलिमीटर, तर काहींत सुमारे ३५.८ मिलिमीटर असतो आणि नळीच्या आट्यांचे मापही सहसा त्यानुसार बदलते. त्यातही बऱ्याच तुर्की रायफलींत बाहेरचे कडे मोठे असून आतले आटे मात्र लहान मापाचे असतात. म्हणून भाग शोधण्याआधी आपल्या हातातली रायफल नेमकी कोणती, हे ठरवणे हेच अर्ध्याहून अधिक काम आहे.

ही ओळख ठशांवरून पटते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, साठवणुकीचे घट्ट ग्रीस विरघळवून पुसून काढावे (सँडपेपर मुळीच लावू नये, कारण त्याने ठसे पुसट होतात) आणि रिसीव्हर, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग), नळी, दस्ता यांवरचे सर्व आकडे व चिन्हे लिहून घेऊन त्यांची छायाचित्रे काढावीत. रशियन मोसिन-नागां रायफलीवर तारा दिसला तर ती तुला येथील आणि त्रिकोणातला बाण दिसला तर इझेव्स्क येथील असते. अमेरिकी एम १९१७च्या लहानसहान भागांवरही विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन या कारखान्यांची आद्याक्षरे असतात, त्यामुळे ती रायफल पुन्हा एकाच कारखान्याच्या भागांनी जुळवणे तुलनेने सोपे जाते.

यानंतर भागांचे दोन गट मनात ठेवावेत: काडतुसाचा दाब पेलणारे आणि न पेलणारे. दुसऱ्या गटात चूक झाली तर पैसे वाया जातात. पहिल्या गटात झाली तर डोळा जाऊ शकतो. बोल्ट बदलला की हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत) काडतूस जिथे टेकते ती जागा यांतले अंतर, बदलू शकते. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या पॉइंट ३०३ काडतुसासाठी लष्करी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच इतकी होती आणि ती गेजनेच (ठरावीक मापाच्या ठोकळ्याने) तपासायची असते. ली-एनफिल्ड नंबर ४ला यासाठी ० ते ३ असे क्रमांक असलेली बोल्टची डोकी मिळतात. परंतु प्रत्येक क्रमांकाच्या प्रत्यक्ष लांबीत थोडा फरक असल्याने नुसता वरचा क्रमांक मागवून अंतर कमी होईलच असे नाही. विक्रेत्याकडून मोजलेली लांबी मागून घ्यावी. जुन्या नंबर १ मार्क ३ची डोकी नंबर ४ला चालत नाहीत. मोसिनमध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सळई) किती बाहेर येते हेही पाहावे लागते; या रायफलीसोबतच्या मूळ अवजारावर ७५ आणि ९५ असे आकडे असलेल्या खाचा असतात, त्या इंचाच्या हजारांश भागांत याच तपासणीसाठी केलेल्या आहेत. आणि काही रायफलींवर खर्च न करणेच शहाणपणाचे: अमेरिकी स्प्रिंगफिल्ड एम १९०३चे ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाचे स्प्रिंगफिल्ड कारखान्यातले आणि २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाचे रॉक आयलंडमधले रिसीव्हर उष्णता-प्रक्रियेतील दोषामुळे ठिसूळ असू शकतात.

लाकूड हा वेगळा विषय आहे. ली-एनफिल्डचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि मागचा तुकडा आखूड, सामान्य, लांब अशा मापांत मिळत असे, म्हणून आपल्या खांद्याला योग्य ते माप मुद्दाम मागता येते. नंबर १ मार्क ३वर मागचा तुकडा काढण्यापूर्वी पुढचे लाकूड काढलेच पाहिजे. मागच्या तुकड्यातला जोडणीचा लांब बोल्ट (काडतूस ढकलणारा बोल्ट नव्हे) पुढच्या लाकडातील पट्टीत चौकोनी टोकाने अडकलेला असतो आणि तो आधी फिरवला तर लाकूड चिरते. विकत घेताना याच जागेची, म्हणजे रिसीव्हरमागच्या भागाची, छायाचित्रे मागवावीत. बाहेरून देखणे पण इथे चिरलेले लाकूड बाजारात भरपूर आहे. नवे पुढचे लाकूड सरळ बसत नाही, ते जागेवर घासून बसवावे लागते, आणि निशाणा पुष्कळसा या बैठकीवर अवलंबून असतो.

स्क्रूंकडे कोणी लक्ष देत नाही, पण तिथेच काम अडते. माउझर ९८च्या दस्त्याचे स्क्रू पाव इंच व्यासाचे, इंचाला २२ आट्यांचे असतात; दुकानातला जवळपासच्या मापाचा मेट्रिक स्क्रू जोर लावून फिरवला तर रिसीव्हरचे आटे जातात. मॅगझिनबाबतही असेच: ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बनलेल्या भारतीय इशापूर २ए१चे मॅगझिन पॉइंट ३०३च्या मॅगझिनपेक्षा वेगळे असते.

भाग कुठून येतात? बहुतेक मूळ भाग मोडीत काढलेल्या रायफलींचे असतात, म्हणून अशा रायफली खोलून विकणारे व्यापारी आणि संग्राहकांचे मेळावे हीच खरी ठिकाणे. अमेरिकेतील न्यूमरिकसारखे विक्रेते सुट्या भागांच्या आकृत्या देतात. आकृतीवरून भागाचे अधिकृत नाव कळले की इतरत्र शोधणेही सुकर होते. चाप आणि दस्ता यांबाबत नवे उत्पादन अनेकदा अधिक भरवशाचे ठरते. टिमनीचे चाप आणि बॉयड्सचे लाकडी दस्ते माउझरसाठी मिळतात. मूळ म्हणून विकल्या जाणाऱ्या भागावर तपासनिसाचा ठसा नसेल, किंवा ठसा तीक्ष्ण आणि धातू मात्र कृत्रिमरीत्या जुना केलेला दिसला, तर नक्कल असल्याचा संशय घ्यावा. दुर्मीळ भाग एकेक जमवण्यापेक्षा रिसीव्हर वगळून इतर भागांचा पूर्ण संच घेणे बहुधा स्वस्त पडते.

कायदा ठिकाणानुसार बदलतो. अमेरिकी संघीय कायद्यात रिसीव्हर म्हणजेच बंदूक. युरोपीय संघात नळी आणि बोल्ट हेही नियंत्रित घटक आहेत. सीमेपलीकडून मागवताना निर्यात आणि आयात दोन्हीकडची परवानगी लागू शकते, म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून आणि आपल्या परवाना अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

भाग बदलून सुधारण्यासाठी रायफल निवडताना सर्व क्रमांक जुळणारी, मूळ स्थितीतली रायफल सोडून आधीच कोणी कापलेली किंवा छिद्रे पाडलेली घ्यावी. छिद्र बुजवता येते, मूल्य परत येत नाही. दुर्बीण बसवायची असेल तर मागच्या साइटच्या जागी बसणारे, छिद्र न पाडता लागणारे माउंट शोधावे. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून कागदात गुंडाळावा आणि त्यावर रायफलीचा क्रमांक लिहून ठेवावा.