नास सुरू केल्यावर चार मिनिटं दिसतो, मग गेम कन्सोलवरून गायब

नास (NAS, घरच्या नेटवर्कवर फाइल्स साठवणारं यंत्र) रीस्टार्ट केला की कन्सोलच्या मीडिया प्लेयरमध्ये त्याचा सर्व्हर दिसायचा आणि चार-पाच मिनिटांनी यादीतून जायचा. लॅपटॉपवर त्याच फोल्डरमधल्या फाइल्स मात्र व्यवस्थित उघडायच्या.

मीडिया इंडेक्स पुन्हा बनवला, स्थिर आयपी दिला, केबल बदलली. काही फरक नाही. अक्षरशः वैताग आला होता.

दोष निघाला स्विचमधल्या (नेटवर्कच्या केबल्स जोडणाऱ्या डब्यातल्या) आयजीएमपी स्नूपिंगमध्ये, म्हणजे कोणतं यंत्र कोणत्या मल्टिकास्ट गटात आहे यावर स्विच ठेवतो त्या पाळतीत. डीएलएनए (घरातल्या यंत्रांनी एकमेकांकडचे व्हिडिओ-गाणी चालवायची पद्धत) सर्व्हर शोधताना कन्सोल 239.255.255.250 या मल्टिकास्ट (एकाच वेळी गटातल्या सगळ्या यंत्रांसाठीच्या) पत्त्यावर, यूडीपी पोर्ट 1900 वर हाक मारतो. नास त्या गटात आहे ही नोंद स्विच ठेवतो. पण 'अजून आहात का?' असं अधूनमधून विचारणारा क्वेरियर नेटवर्कवर नसेल, तर साधारण 260 सेकंदांनी ती नोंद पुसली जाते आणि हाक नासपर्यंत पोचतच नाही. फाइल शेअरिंग थेट नासच्या आयपीवर चालतं, म्हणून ते शाबूत राहतं.

आधी दोन्ही यंत्रं एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) आहेत ना, कन्सोल गेस्ट वायफायवर नाही ना, ते पाहा. मग स्विचमध्ये आयजीएमपी क्वेरियर चालू करा. तो पर्याय नसेल तर स्नूपिंग बंद करा. त्याच नेटवर्कवर आयपीटीव्ही (इंटरनेट जोडणीवरून येणारा टीव्ही) नसेल तर सहसा काही अडत नाही. सेटिंग सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर वीज गेली की जुनंच परत येतं. नंतर नासवरची डीएलएनए सेवा रीस्टार्ट करा आणि कन्सोल, रेस्ट मोडमध्ये न टाकता, पूर्ण बंद करून चालू करा. दहा मिनिटं थांबूनच तपासा; लगेच पाहिलं तर सर्व्हर आधीही दिसतच होता.