दवाखान्यात नवीन कामाला लागलाय? कायद्याचं एवढं तरी माहीत असू द्या

मिरजेत वॉनलेस हॉस्पिटल १८९४ सालापासून आहे आणि पेशंट तेव्हापासून इथं येतोच आहे, सांगली-कोल्हापूरकडनं येतो तसा सीमेपलीकडनं अथणी, रायबाग, जमखंडीकडनंसुद्धा येतो. त्यामुळं गल्लोगल्ली दवाखाने, आणि त्यात काम करणारी आपल्यासारखी पोरंपोरी, कुणी एएनएम म्हणजे नर्सिंगचा कोर्स झालेली, कुणी सहा महिन्यांचा कोर्स केलेला, कुणी बारावीनंतर ओळखीनं चिकटलेला. मी १७ वर्षं या लाइनीत आहे, ओपीडीचं काउंटर, वॉर्ड, ओटीबाहेरचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरचं, टेबल सगळं केलंय. नवीन माणसाला बीपी घ्यायला शिकवतात, फाईल लावायला शिकवतात, पण सही कुणाची घ्यायची, कुणाला काय सांगायचं नाही, काय लिहायचं आणि कसं लिहायचं हे कुणी बसवून सांगत नाही, ते चुकल्यावर कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, आपण डॉक्टर नाही. हे सगळ्यांना माहीत असतं पण संध्याकाळी डॉक्टर ओटीत अडकलेले असतात आणि ओळखीचे काका काउंटरला येऊन म्हणतात, "ताई, डॉक्टर कशाला पाहिजेत, मागच्या टायमाला दिलेलं तेच इंजेक्शन मार की." इथंच थांबायचं. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम १०६ आहे, निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि उपचार करताना रजिस्टर्ड डॉक्टरच्या हातनं तसं झालं तर २ वर्षांपर्यंत. म्हणजे ती सवलत डॉक्टरला आहे, कंपाउंडरला नाही, अटेंडंटला नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

१९९८ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, दिल्लीच्या हॉस्पिटलमधला, टायफॉईड झालेलं लहान पोरगं होतं, नर्सनं वडिलांना एका इंजेक्शनचं नाव सांगून आणायला लावलं आणि टोचलं, पण ते डॉक्टरांनी लिहिलेलं नव्हतंच, पोराच्या मेंदूला कायमची इजा झाली. कोर्टात निघालं की त्या नर्सचं कुठल्याच नर्सिंग कौन्सिलला रजिस्ट्रेशन नव्हतं. साडेसतरा लाखांची भरपाई कायम झाली. पैसे हॉस्पिटलनं भरले असतील, पण ते पोरगं काही पूर्वीसारखं झालं नाही. म्हणून रजिस्ट्रेशन नसेल तर इंजेक्शनला हात लावायचा नाही, मालक कितीही म्हणाले तरी. आणि रजिस्ट्रेशन असेल तर बाटलीवरचं नाव, ताकद, एक्सपायरी ऑर्डरच्या कागदाशी जुळवून मोठ्यानं वाचायचं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तर ऐकलेलं त्यांना परत म्हणून दाखवायचं, कागदावर तारीख-वेळ घालून "फोनवरून" असं लिहायचं आणि डॉक्टर आल्या आल्या सही घ्यायची. त्यांना घाई असते, चिडतात कधीकधी, तरी घ्यायची.

आता संमतीपत्र. यावर मी जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

माझ्या सुरवातीच्या वर्षांत, मी तेव्हा होते त्या दवाखान्यात, अथणीकडच्या एक अज्जी गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आलेल्या. फॉर्म मराठीत छापलेला, अज्जींना फक्त कन्नड येतं, आणि मी स्टँपपॅड घेऊन त्यांचा अंगठा धरलेला. नातू मला म्हणतो, "घ्या ओ ताई अंगठा, तिला काय कळतंय." मी घेतलाच असता, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी लिस्टला पाच ऑपरेशनं होती. पण तिथं फरशी पुसणाऱ्या मावशी जतच्या, त्यांना कन्नड येत होतं, त्यांनी सहज अज्जींना विचारलं की काय करणार आहेत माहितीय का. अज्जी म्हणाल्या, पोटात गाठ आहे ती काढणार. गर्भपिशवी काढणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, घरच्यांनी आपसात ठरवलेलं. त्यांचा अंगठा माझ्या हातात होता, शाई लागलेली. मी पॅड बंद केलं आणि डॉक्टरांना बोलवून आणलं, मग मावशी मध्ये बसल्या, अर्धा तास गेला, अज्जींनी चार प्रश्न विचारले आणि मग स्वतःहून अंगठा पुढं केला.

असंच एक प्रकरण दिल्लीचं, समीरा कोहली यांचं, २००८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. बाई ४४ वर्षांच्या, सही केलेली दुर्बिणीच्या तपासणीसाठी, त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भपिशवी आणि अंडाशय काढलं. कोर्टानं सांगितलं की सज्ञान माणूस काही वेळानं शुद्धीवर येणार असेल आणि जीवावर बेतलेलं नसेल तर आईची सही चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. तेव्हा १८ वर्षांवरचा शुद्धीतला पेशंट असेल तर सही त्याचीच, नवऱ्याची, मुलाची, सासऱ्याची साक्षीदार म्हणून घ्या पाहिजे तर. ऑपरेशन, धोके समजावून सांगणं हे डॉक्टरांचं काम, आपण फक्त बघायचं की ते झालंय का. झालं नसेल तर फॉर्म पुढं सरकवायचा नाही. कोरा फॉर्म सही करून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती तर अजिबात नको. भाषा येत नसेल तर कुणी समजावलं त्याचं नाव आणि सही फॉर्मवरच घ्या, अंगठा असेल तर कुठल्या हाताचा ते लिहा आणि शेजारी साक्षीदार.

गर्भपाताच्या बाबतीत तर काउंटरवरच गैरसमज असतो, "नवऱ्याला घेऊन या" म्हणून बाईला परत पाठवतात. १९७१ च्या कायद्यात नवऱ्याची सही कुठंच मागितलेली नाही, सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. आणि तिचं नाव बाहेर फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची संमती लागते, आणि पॉक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो, तिथं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. असं कुणी आलं तर स्वतः काही ठरवू नका, तिला सगळ्यांसमोर वय विचारत बसू नका, आत बसवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा.

गुप्ततेचं बघा. आपल्याकडं सगळे एकमेकांचे पाव्हणे, त्यामुळं हे फार अवघड जातं. एकदा फोन आला, "मी पेशंटचा मामा बोलतोय, पोराचा रिपोर्ट काय आला तेवढं सांगा." आवाजावरनं चांगला माणूस वाटत होता. मी म्हटलं, मामा, फोनवर नाही सांगता येत, पेशंटला पाठवा. दुसऱ्या दिवशी कळलं की तो मामा नव्हताच, ज्या मुलीशी त्या पोराचं जमत होतं तिच्याकडचं माणूस होतं. रिपोर्टमध्ये काही विशेष नव्हतं, पण असतं तर? मुलीकडच्यांची काळजी मला कळते, मलाही मुलगी आहे, तरी ते आपण सांगायचं नाही, ते त्या पोरानं सांगायचं.

एचआयव्हीचा तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय. टेस्टला आधी समजावून संमती, आणि रिझल्ट दुसऱ्याला सांगायचा तर पेशंटची लेखी परवानगी. तरी मी अजून फाईलीच्या कव्हरवर लाल पेनानं मोठं लिहिलेलं बघते, कॉटला वेगळी पट्टी बांधलेली बघते, आणि राग येतो. ग्लोव्हज सगळ्यांसाठी घालायचे असतात, एकासाठी नाही. पेशंटला हाक मारताना नाव किंवा नंबर घ्या, आजार नाही. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असतील तर पेशंटनं लिहून दिलेल्या नंबरवरच, आणि आपल्या मोबाईलमधनं काढून टाका. स्टाफच्या ग्रुपवर जखमेचे, बाळाचे फोटो टाकणं बंद करा, कृपा करून.

सोनोग्राफी असलेल्या ठिकाणी काम करत असाल तर आणखी सावध. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा आहे आणि त्यात शिक्षा लिहिताना तिथं नोकरीला असलेल्या माणसालाही स्पष्ट धरलंय, पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. शब्दानं सांगा, खुणेनं सांगा, "पेढे आणा" (मुलगा), "जिलेबी आणा" (मुलगी) म्हणा, सगळं एकच. २०१७ च्या मार्चमध्ये आपल्या म्हैसाळला १९ अर्भकं सापडली, एका बाईचा जीव गेला होता त्यावरनं ते उघडं पडलं. इथनं म्हैसाळ अर्ध्या तासावर आहे. तेव्हा कुणी कितीही जवळचं असलं, "एवढं एकच सांग गं" म्हणालं तरी नाही म्हणजे नाही. गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म बहुतेक वेळा आपणच भरतो, त्यात एकही रकाना मोकळा ठेवू नका, कारण अपुरा फॉर्म हाच गुन्हा धरला जातो आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलंय.

अपघाताचा पेशंट आला तर "आधी डिपॉझिट" किंवा "पोलिस येऊ देत" म्हणायचं नाही, १९८९ च्या परमानंद कटारा निकालात कोर्टानं सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कागद मागनं. एमएलसी रजिस्टरला (पोलिस केसच्या पेशंटची नोंदवही) येण्याची वेळ, कुणी आणलं, अंगावरचे कपडे आणि वस्तू हे तेवढं तुम्ही लगेच लिहा. आणि नातेवाईक अंगावर आले तर दवाखान्यातल्या हल्ल्यांविरुद्धचा २०१० चा महाराष्ट्राचा कायदा फक्त डॉक्टरांसाठी नाही, नर्स आणि पॅरामेडिकल स्टाफसाठीही आहे, मार खाऊन गप्प बसू नका.

शेवटी कागद. चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही, एक सरळ रेघ मारायची म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर लिहून सही आणि तारीख. मागचा चार्ट आज बसून भरायचा नाही, राहिलंच असेल तर आजचीच तारीख-वेळ घालून "उशिरा नोंद" म्हणून लिहा. इनडोअरचे, म्हणजे दाखल पेशंटचे, पेपर ३ वर्षं जपून ठेवायचे असतात. पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं पेपर मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, तिथं "साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या" चालत नाही. अर्ज हातात आला की पाठीमागं तारीख, वेळ, सही घाला, पोच द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून तोंडीही सांगा, कारण ते ७२ तास तुम्ही अर्ज घेतला तिथनं सुरू झालेले असतात.